तणनाशकानंतर भात पिवळं पडलं? आधी मुळं बघा

तणनाशक मारून पाच-सहा दिवस झाले आणि खाचर पिवळं दिसायला लागलं, की एक हात युरियाच्या गोणीकडे जातो आणि दुसरा बुरशीनाशकाच्या बाटलीकडे. जरा थांबा. बांधावर उभं राहून पिवळेपणा कुठे आहे ते पाहा. फवारणीचे पट्टे जिथे एकमेकांवर चढले, जिथे पंप घेऊन वळलात, तिथेच तो जास्त असेल तर तिथे औषध दुप्पट पडलंय. रोग असा पट्ट्यापट्ट्यानं येत नाही.

मग एक चूड उपटून मुळं धुवा. पांढरी नवी मुळं फुटत असतील आणि मधला पोंगा हिरवा असेल, तर भात सावरेल. बिस्पायरीबॅक सोडियम या तणनाशकानंतरचा पिवळेपणा बहुधा एक-दोन आठवड्यांत जातो. भात हे औषध स्वतःच्या विकरांनी (एन्झाइमांनी) मोडून टाकतं, पाखड या तणाला ते तितकं जमत नाही. थंड, ढगाळ हवेत भाताचंही हे काम मंदावतं, त्यामुळे झळ जास्त बसते.

मुळं आखूड आणि टोकाशी जाड झाली असतील तर मामला वेगळा. पेरभातात बी वरवर पडून पेंडीमिथॅलीन या तणनाशकाच्या थरात सापडलं की असं होतं. चिखलात पेरलेल्या भाताला प्रेटिलाक्लोर हे तणनाशक द्यायचं तर सेफनर, म्हणजे भाताला झळीपासून वाचवणारा घटक, मिसळलेलंच घ्या. साध्यानं पान पोंग्यातून सुटत नाही, रोप खुजं आणि गडद हिरवं राहतं. लावणीच्या भातात साधं चालतं. पण पाणी दोन-तीन सेंटिमीटरच ठेवा, पोंगा बुडू देऊ नका.

२,४-डी हे तणनाशक मात्र वेळेचं पक्कं. कोवळ्या रोपावर मारलं तर पान कांद्याच्या पातीसारखं नळीदार होतं, पोटरीत मारलं तर दाणे पोचट. फुटवे भरात आल्यावर, पण लोंबी धरण्याआधी, एवढीच त्याची जागा.

एका फेरीत काम उरकायचं म्हणून तणनाशकात कीटकनाशक ओतू नका. प्रोपॅनिल या तणनाशकाबरोबर ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक गेलं तर प्रोपॅनिल मोडणारं भाताचं विकरच बंद पडतं आणि तणासोबत पीकही करपतं.

पिवळ्या पट्ट्यात एका चुडाशेजारी काडी रोवा. आठ-दहा दिवसांनी त्याच चुडाला नवं हिरवं पान दिसलं, की मग युरियाचा ठरलेला हप्ता द्या.