कोड लिहायच्या आधी विचारा: हे कधी मागे फिरतं का?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून शिकून सॉफ्टवेअरमध्ये आलो. सणावाराला गावी गेलो की दारव्हा-दिग्रसकडची बीसीए, इंजिनिअरिंग करणारी पोरं-पोरी विचारतात, "दादा, अल्गोरिदमची तयारी कुठून सुरू करू?" बहुतेकांच्या मोबाइलमध्ये कुठल्या तरी क्लासची शेकडो प्रश्नांची यादी असते आणि ती पाठ करणं चालू असतं. माझं उत्तर एकच असतं. यादी बाजूला ठेवा आणि मोनोटोनिक म्हणजे काय ते नीट समजून घ्या. त्या यादीतले कितीतरी प्रश्न या एकाच गुणधर्मावर उभे असतात.

व्याख्या साधी आहे. एक राशी वाढवत नेली की दुसरी वाढते किंवा आहे तिथेच राहते, पण कधीच कमी होत नाही, तर ते फलन (फंक्शन) चढतं. कधीच वाढत नसेल तर उतरतं. दोन्हींना मोनोटोनिक म्हणतात. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर कापूस नेलेल्या घरातल्या पोराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. आर्द्रता ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, ८ ते १२ च्या मध्ये ओलाव्याप्रमाणे भावात कपात, आणि १२ च्या वर गेली की खरेदीच नाही. आर्द्रता वाढली म्हणून भाव वाढला, असं कधी होत नाही. "घेतील की नाही" एवढंच विचारलं, तर १२ पर्यंत हो आणि पुढे नाही. एकदा नाही झालं की पुन्हा हो होत नाही. संगणकाच्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते हेच हो-नाहीचं रूप.

आता हे उदाहरण कागद घेऊन माझ्यासोबत सोडवा. सहा शेतकऱ्यांचा कापूस रांगेत आहे: १२, ७, ९, १५, ६, ११ क्विंटल. गाडी एकच, दिवसाला एकच खेप, रांग मोडायची नाही, एकाचा माल दोन दिवसांत विभागायचा नाही. तीन दिवसांत सगळा माल जायला गाडीची क्षमता कमीत कमी किती हवी? थेट सूत्र शोधायला गेलात तर अडकाल. प्रश्न उलटा करा: क्षमता दिली, तर तीन दिवसांत जमेल का? हे तपासणं सोपं आहे. बसेल तेवढं भरत जायचं, बसेना की दुसरा दिवस.

मग सिद्धता. २४ क्विंटलच्या गाडीत जी वाटणी बसली, ती २५ च्या गाडीत जशीच्या तशी बसते. म्हणून एकदा "जमतं" आलं की पुढे सगळीकडे "जमतं"च. सिद्धता एवढीच, एका ओळीची. पण ती लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, सगळा अल्गोरिदम तिच्यावरच टेकलेला आहे.

क्षमता १५ पेक्षा कमी चालणार नाही, कारण एकाचाच माल १५ आहे. ६० पेक्षा जास्त लागणार नाही, कारण एकूण माल तेवढाच. आता दरवेळी मधला आकडा तपासायचा: जमलं तर वरचे सगळे सोडायचे, नाही जमलं तर खालचे. यालाच बायनरी सर्च म्हणतात. मधला आकडा ३७: दोन दिवसांतच होतं, म्हणजे जमतं. मग १५ ते ३७ चा मधला २६: जमतं. २०: चार दिवस लागतात, नाही. २३: नाही. २५: जमतं. २४: जमतं. उत्तर २४. शक्यता ४६ होत्या, तपासण्या सहा झाल्या. शक्यता दहा लाख असत्या तरी तपासण्या साधारण २० च लागल्या असत्या. पायथॉनमध्ये हे काम bisect (बायसेक्ट) नावाचं मॉड्यूल करून देतं, पण आधी चार-पाच उदाहरणं हातानेच करा. मधला आकडा काढताना दोन टोकांची बेरीज करून निम्मं करू नका. खालच्या टोकात अंतराचा अर्धा भाग मिळवा. जावाच्या प्रमाणित लायब्ररीतही त्या बेरजेची चूक होती, खूप मोठ्या यादीवर बेरीज पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जायची. २००६ साली ती सगळ्यांसमोर आली.

हा गुणधर्म नसतो तेव्हा काय होतं, तेही पाहून ठेवा. कपाशीला युरिया वाढवत गेलं की उत्पन्न काही मर्यादेपर्यंत वाढतं, पुढे झाड नुसतं पानांनी माजतं आणि बोंडं कमी लागतात. इथे निम्मं-निम्मं करत सर्वोत्तम मात्रा शोधायला गेलात तर चुकीच्या बाजूला जाल. एकच शिखर असलेल्या फलनासाठी दोन मधले बिंदू घेऊन तुलना करावी लागते. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांच्या १९५९ च्या, सगळ्यात जवळचा रस्ता शोधायच्या पद्धतीतही हीच अट दडलेली आहे. रस्ता पुढे नेला की त्याची लांबी कमी होता कामा नये. एखाद्या कडेचं, म्हणजे दोन ठिकाणांमधल्या तुकड्याचं, वजन (लांबी किंवा खर्च) ऋण असलं की हा भरवसा जातो आणि उत्तर चुकू शकतं. "ऋण वजन चालत नाही" हे वाक्य सगळे पाठ करतात, का चालत नाही हे सांगणारा क्वचित भेटतो.

बारावीच्या 'अ‍ॅप्लिकेशन्स ऑफ डेरिव्हेटिव्ह्ज'मध्ये चढती-उतरती फलनं येऊन गेलेली असतात. ते गणित वाया जात नाही, पण आपल्या कामात बहुधा पूर्णांक असतात, तिथे डेरिव्हेटिव्ह नसतं. पुढच्या पदातून आधीचं पद वजा करा आणि चिन्ह पाहा. फरक कधीच ऋण येत नाही हे दाखवलं की झालं.

नोकरीला लागल्यावर हीच गोष्ट वेगळ्या वेशात भेटते. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधली बायसेक्ट आज्ञा हजार बदलांमधून बिघाड आणणारा बदल दहाएक तपासण्यांत शोधते, कारण बिघाड एकदा शिरला की पुढे राहतो असं ती धरून चालते. घड्याळाचंही तसंच. संगणकाचं भिंतीवरच्यासारखं घड्याळ नेटवर्कवरून दुरुस्त होतं आणि ते मागेही सरकू शकतं. किती वेळ लागला हे मोजायला मोनोटोनिक, म्हणजे कधीच मागे न जाणारं, घड्याळच वापरायचं. २०१६ च्या शेवटी घड्याळात एक जादा सेकंद (लीप सेकंद) घातला तेव्हा काही यंत्रणांमध्ये वेळेचा फरक ऋण निघाला आणि त्या अडखळल्या. २०१७ मध्ये गो या प्रोग्रॅमिंग भाषेने आपल्या वेळेच्या प्रकारात मोनोटोनिक घड्याळ घातलं.

मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटतो तो उपयोग आपल्या गावांशी जुळणारा आहे. रेंज येते-जाते अशा ठिकाणी दोन फोनवर नोंदी घ्यायच्या आहेत, समजा पाणीपुरवठ्याच्या टँकरच्या खेपा मोजायच्या आहेत. दोघांनी एकच आकडा बदलत ठेवला तर जुळवताना गोंधळ. त्याऐवजी प्रत्येक फोनने फक्त आपला आकडा वाढवायचा. रेंज आली की प्रत्येक फोनकडून आलेल्या आकड्यांपैकी त्या फोनचा सगळ्यात मोठा तो ठेवायचा आणि शेवटी सगळ्या फोनची बेरीज करायची. निरोप उशिरा आला, दोनदा आला, उलटसुलट क्रमाने आला, तरी उत्तर तेच येतं. २०११ च्या सुमारास या रचनांना सीआरडीटी हे नाव मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी संगणकशास्त्रज्ञ जोसेफ हेलरस्टाइन यांनी याच कल्पनेशी जुळणारी अटकळ मांडली होती: ज्या कामाची उत्तरं फक्त वाढत जातात, मागे घ्यावी लागत नाहीत, ते काम यंत्रांनी एकमेकांसाठी न थांबता सुसंगतपणे करता येतं. पुढे ते सिद्धही झालं. खोडायची सोय द्यायची म्हटलं की अवघड होतं, तिथे खरी डोकेफोड आहे.

गेट परीक्षा देणाऱ्यांनी गणितज्ञ टार्स्कीचं १९५५ चं स्थिरबिंदू प्रमेय (स्थिरबिंदू म्हणजे फलन लावूनही जो बदलत नाही तो) आणि कंपायलरमधलं डेटाफ्लो विश्लेषण (कोडमध्ये कुठली माहिती कुठवर पोचते याचा हिशेब) एकत्र वाचावं. सांत (मर्यादित) रचनेत चढत्या फलनाने तळापासून वर चढत गेलं की कुठेतरी थांबावंच लागतं, दोन्हीकडे मुद्दा तोच.

आणि समज पक्की झाली का हे पाहायचं असेल, तर १९३५ चं एर्डॉस-सेकेरेश प्रमेय एसटीत बसल्या बसल्या सोडवा. कुठल्याही १० वेगवेगळ्या संख्या कुठल्याही क्रमाने लिहा. मधल्या काही गाळून, क्रम न मोडता, चार संख्यांची चढती किंवा उतरती माळ निघतेच. नऊ संख्यांत मात्र ती चुकवता येते: ३, २, १, ६, ५, ४, ९, ८, ७. सिद्धतेसाठी प्रत्येक संख्येखाली दोन आकडे लिहा, तिथे संपणारी सगळ्यात लांब चढती माळ आणि सगळ्यात लांब उतरती माळ. कुठल्याही दोन संख्यांखाली तीच जोडी का येऊ शकत नाही, एवढं शोधा. बाकी काम ३ गुणिले ३ करून टाकतं.