सिम्युलेटरमध्ये व्ही-१ उडता बॉम्ब कसा अडवावा

१३ जून १९४४ च्या पहाटे इंग्लंडवर जर्मनांचे पहिले व्ही-१ येऊन पडले. आठ मीटरहून थोडे लांब, वैमानिक नसलेले विमान. नाकाकडे साधारण ८५० किलो स्फोटके, पाठीवर पल्सजेट इंजिन. उत्तर फ्रान्समधल्या चढत्या रुळांवरून ते सुटायचे आणि ६०० ते ९०० मीटर उंचीवरून सरळ लंडनचा रस्ता धरायचे. ते वळत नाही, हुलकावणी देत नाही, उलट गोळीबारही करत नाही. म्हणून सिम्युलेटरवर उडवणाऱ्यांना हे सोपे सावज वाटते. खरे तर इथे नेमबाजीपेक्षा जागा आणि वेळ जास्त महत्त्वाची. बटण दाबायच्या आधीच बहुतेक निकाल लागलेला असतो.

आधी हिशेब

व्ही-१ चा वेग ताशी ६०० किमी धरा, म्हणजे मिनिटाला १० किमी. हॉकर टेम्पेस्ट हे त्या कामातले सर्वांत उपयोगी विमान, पण कमी उंचीवर सपाट उडताना त्याचा वेगही ताशी साडेसहाशेच्या आसपासच. फरक ताशी ५० किमीचा. तुम्ही ३ किमी मागे राहिलात तर तेवढे अंतर कापायला साडेतीन मिनिटांहून जास्त लागतात आणि तोवर बॉम्ब आणखी ३५ किमी पुढे गेलेला असतो. किनाऱ्यापासून, बॉम्ब अडवायला लंडनबाहेर तारांनी बांधून सोडलेल्या फुग्यांच्या रांगेपर्यंत वैमानिकाच्या हातात जेमतेम पाच-सहा मिनिटे असायची. मागून धावत जाऊन हे जमत नाही.

मोहीम मांडणे

आयएल-२ ग्रेट बॅटल्स या सिम्युलेटरमध्ये टेम्पेस्ट आणि स्पिटफायर मार्क १४ दोन्ही मिळतात. सुरुवात टेम्पेस्टने करा. डीसीएस या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये टेम्पेस्ट नाही, पण चॅनेलचा नकाशा आहे, त्यावर मॅन्स्टनचा तळ आहे आणि मॉस्किटो व मस्टँग आहेत. स्पिटफायर मार्क ९ घेतलेत तर खालच्या उंचीवर वेग कमी पडतो, तेव्हा ते हात बसल्यावरच घ्या.

व्ही-१ चा मार्ग पा-द-कालेच्या किनाऱ्यापासून थेट लंडनच्या टॉवर ब्रिजकडे आखा. जर्मनांचा नेमही त्याच पुलावर होता. उंची ७०० मीटर ठेवा. तुमच्याकडे व्ही-१ चे मॉडेल नसेल तर एखादे वेगवान विमान सरळ मार्गावर सोडा आणि धोका दिसला तरी काहीही करू नये, अशी आज्ञा त्याला द्या. सराव होईल, पण आकाराचा जो पेच पुढे सांगतो आहे तो मात्र अनुभवायला मिळणार नाही.

तारीख विचार करून निवडा. जूनमध्ये लढाऊ विमाने आणि जमिनीवरच्या विमानविरोधी तोफा एकमेकांच्या वाटेत यायच्या. जुलैच्या मध्यावर ब्रिटनच्या हवाई संरक्षणाचे प्रमुख एअर मार्शल रॉडरिक हिल यांनी सगळ्या तोफा किनाऱ्यावर हलवल्या. त्यानंतर विमानांना दोनच पट्टे उरले: तोफांपुढचा समुद्र, आणि तोफा व फुगे यांच्या मधली जमीन. नकाशावर या रेषा ओढा आणि त्या ओलांडायच्या नाहीत असा नियम स्वतःला घाला.

मी समुद्रावरच बॉम्ब पाडायचा आग्रह धरतो. जमिनीवर पाडलेला व्ही-१ केंट आणि ससेक्सच्या गावांवर, शेतांवर कोसळायचा. तिथल्या लोकांनी तो उन्हाळा कसा काढला असेल, याचा विसर पडू नये.

उंची, मग वळण

२००० मीटरवर, बॉम्बच्या वाटेच्या थोडे बाजूला घिरट्या घाला. लेबले, म्हणजे पडद्यावर विमानांशेजारी दिसणारी नावे, बंद ठेवा. त्या काळी रडारवरून रेडिओने दिशा सांगितली जायची आणि जमिनीवरचे निरीक्षक इशाऱ्याचे अग्निबाण सोडून बॉम्ब कुठे आहे ते दाखवायचे. मिशन एडिटरमध्ये ट्रिगर लावून असा संदेश किंवा धूर दाखवता येतो.

बॉम्ब दिसला की त्याच्यावर नाक रोखू नका. तो अजून तुमच्या मागे, बाजूला असतानाच त्याच्या दिशेला समांतर वळा आणि मग सूर मारा. बाराशे-तेराशे मीटर खाली येताना वेग ताशी ७०० च्या घरात जातो. तो वेग टिकतो तेवढ्या अवधीतच काम उरकायचे. सूर संपवताना स्टिक हळू ओढा; जोरात ओढलीत तर कमावलेला वेग तिथेच जातो. वेग बदलला की रडर ट्रिमही (विमानाचे नाक डावी-उजवीकडे सरळ ठेवणारी जुळणी) बदला. नेमके इथेच अनेकांचे नेम चुकतात, कारण विमान किंचित तिरके घसरत असते आणि गोळ्या बाजूने निघून जातात. ही घसरण दाखवणाऱ्या टर्न-अँड-स्लिप दर्शकाकडे एक नजर असू द्या.

गोळीबार

न्यूचर्चच्या टेम्पेस्ट विंगचे प्रमुख रोलंड बीमाँट यांनी आपल्या विमानाच्या चारही तोफांचा मारा ३०० यार्डांवर एकाच बिंदूत आणून घेतला होता. तुम्हीही कन्व्हर्जन्स, म्हणजे मारा एकत्र येण्याचे अंतर, २७० मीटरवर ठेवा.

आता आकाराचा पेच. व्ही-१ च्या पंखांचा विस्तार सव्वापाच मीटरच्या आसपास, म्हणजे स्पिटफायरच्या निम्म्याहूनही कमी. लढाऊ विमाने पाहायला सरावलेल्या डोळ्याला तो ४०० मीटरवर वाटतो तेव्हा प्रत्यक्षात तो २०० मीटरच्याही आत असतो. तिथून मारलेत आणि स्फोटके फुटली, तर आगीच्या लोळातून तुम्हालाच जावे लागते. कित्येक वैमानिक तसे पार झाले, काही परत आले नाहीत. म्हणून २०० मीटर ही शेवटची मर्यादा माना, छोट्या फैरी झाडा आणि लगेच वर, बाजूला निघा.

पंखाखाली पंख सरकवून बॉम्ब उलटवण्याची युक्ती सगळ्यांना करून पाहायची असते. ४ ऑगस्ट १९४४ रोजी ग्लॉस्टर मीटिअर जेटच्या वैमानिकाने तोफा अडकल्यावर असाच एक व्ही-१ पाडला. पंखांमधल्या हवेच्या दाबाने बॉम्ब कलायचा आणि त्याला सरळ ठेवणाऱ्या जायरोचा तोल जायचा. सिम्युलेटरमध्ये हा दाब सहसा मोजलाच जात नाही. तुमचा पंख मात्र नक्की तुटतो. माझ्या मते त्यात वेळ घालवू नये.

दिवसा जमू लागले की रात्रीची मोहीम मांडा. इंजिनाची ज्वाळा खूप दुरून दिसते, पण अंतराचा अंदाज अजिबात येत नाही. टेम्पेस्टमधून रात्री उडणाऱ्या जोसेफ बेरी यांनी साठच्या आसपास व्ही-१ पाडले, तेही याच अडचणीशी झगडत. ज्वाळेच्या अगदी मागे न राहता किंचित बाजूला राहा, म्हणजे डोळे दिपणार नाहीत.

प्रत्येक उड्डाणानंतर रेकॉर्डिंग उघडा आणि फक्त दोन वेळा टिपा: बॉम्ब दिसला ती आणि पहिली गोळी सुटली ती. मधला वेळ दोन मिनिटांपेक्षा जास्त असेल तर पुढच्या खेपेला घिरट्यांची जागा बदला, नेम नंतर सुधारा.