काच रंगवू नका: मेन्यूकार्डासाठी कॉकटेलची जलरंग चित्रं काढताना या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडच्या परमिट रूमवाल्यांना हल्ली मेन्यूकार्डात फोटो नको असतात, हाताने काढलेली चित्रं हवी असतात. चांगलंच आहे, माझं घर त्यावर चालतं. पण जलरंग हातात धरून तीन महिने झालेली पोरंपोरीसुद्धा चौदा-चौदा कॉकटेलची ऑर्डर घेऊन बसतात आणि रात्री अकराला मला फोटो पाठवतात, "ताई, काच काचेसारखी दिसतच नाहीये." फोटो उघडायच्या आधीच मला कळलेलं असतं काय झालंय ते. ग्लासाला करड्या रंगाने छान गोलाई दिलेली असते. डावीकडे उजेड, उजवीकडे सावली.

ही शाळेची सवय. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वस्तुचित्रात आपण तांब्या, कांदे, वांगी रंगवत मोठे झालो. तांब्यावर पडलेला उजेड तांब्यावरच अडतो, काचेतून तो आरपार जातो. त्यामुळे रंगवायचं ते ग्लासाच्या मागचं आणि आतलं, वाकडंतिकडं होऊन दिसणारं. काठ आणि बूड जाड असतं, तिथे गडद रेघा गोळा होतात. त्या रेघांना अगदी चिकटून कोरा पांढरा कागद सुटतो. मधला बराच भाग जवळपास रिकामा असतो आणि तो रिकामा ठेवायलाच लोकांचा जीव होत नाही.

मी ग्लासामागे चौकड्यांचा पंचा टांगते. पंचा चित्रात येत नाही, फक्त बघण्यासाठी. पाण्याने भरलेल्या उभ्या ग्लासामागे वीतभर अंतरावर पेन्सिल धरा आणि डावीकडे सरकवा. ग्लासात ती उजवीकडे जाते! हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की स्ट्रॉ द्रवाच्या पातळीवर तुटल्यासारखी का काढायची, हे मला सांगावं लागत नाही.

बर्फाचंही तेच. बर्फ पांढरा नसतो. नेग्रोनी या लाल कॉकटेलमधला बर्फ बहुतेक ठिकाणी नेग्रोनीच्याच फिक्या लाल रंगाचा दिसतो, पांढरा असतो तो एखाद-दुसरा कोपरा. सापशिडीच्या फाशासारखे तीन चौकोन काढून त्यांना निळी सावली देणाऱ्यांना मी आता काही बोलत नाही.

इंटरनेटवरचा फोटो बघून काढणं

त्या फोटोतला ग्लास तुमच्या हॉटेलात नसतो. नेग्रोनी बुटक्या, जाड बुडाच्या ग्लासात येते, आणि एकाने ती मार्टिनीच्या ग्लासात काढून दिली. मालकाने काही म्हटलं नाही, बारमन हसला. आधी बारमध्ये जा, दुपारी गर्दी नसताना, आणि कुठलं पेय कुठल्या ग्लासात देतात ते लिहून आणा. जमलं तर एकेक ग्लास मागून आणा.

मी दारू पीत नाही, तरी माझ्या टेबलावर सगळा बार असतो. कोकम सरबत पातळ करून नेग्रोनी, गाळलेला कोरा चहा म्हणजे ओल्ड फॅशन्ड, लिंबू-सोडा आणि बाजारातली पुदिन्याची जुडी म्हणजे मोहितो. पहिल्यांदा ओट्यावर हे सगळं ओळीने मांडलेलं पाहून सासूबाईंनी विचारलं होतं, "हाई काय मांडी ठेयं व?" आता त्याच चहा गाळून देतात, आणि रंग फिका वाटला तर परत उकळतात. चाळीसगावच्या केकी मूस यांनी (1912–1989) घरातल्या घरात, टेबलावर वस्तू मांडून केलेल्या छायाचित्रांनी नाव कमावलं. तेव्हा आपल्याला मॉडेलसाठी पुण्या-मुंबईला पळायची गरज नाही. मे महिन्यात बर्फ मात्र दहा मिनिटं टिकत नाही, म्हणून मांडणी झाली की आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवते. स्वतःच्या मांडणीचा स्वतः काढलेला फोटो चालतो. त्याला माझी ना नाही.

मास्किंग फ्लुइड लावून विसरणं

याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण याची फी मी भरली आहे.

मास्किंग फ्लुइड म्हणजे रबराचा चीक. जिथे कागद पांढरा ठेवायचा तिथे लावायचा, वरून बिनधास्त वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, मारायचा, वाळला की चोळून काढायचा. काठावरच्या चकाकीच्या बारीक रेघा आणि सोड्याचे बुडबुडे यासाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. पण बाटलीवरची सूचना कोणी वाचत नाही. कागदावर फार वेळ ठेवायचं नाही आणि उष्णता लागू द्यायची नाही, असं तिथे लिहिलेलं असतं. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी भुसावळचा मे महिना पाहिला नसेल, तरी ते बरोबर आहे.

माझी पहिली मोठी ऑर्डर होती, हायवेवरच्या एका गार्डन हॉटेलची, बारा चित्रं. वेळ वाचवायचा म्हणून मी एकाच संध्याकाळी बाराही कागदांवर पेन्सिल करून फ्लुइड लावून टाकलं. एकदम कामाला लागता येईल, असा हिशोब. दुसऱ्या दिवशी पारोळ्याला नणंदेच्या दिराचं लग्न. हळदीला गेलो ते तिसऱ्या दिवशी रात्री परतलो. कागद वरच्या पत्र्याच्या खोलीत होते. बाहेर 44-45 अंश, तर पत्र्याखाली किती, ते तुम्हीच धरा.

सकाळी उत्साहाने वॉश मारले. रंग उतरले मात्र सुरेख. टेकिला सनराइजचं नारिंगी तर असं जमलं होतं की मी त्याचा फोटो बहिणीला पाठवला. मग बोटाने फ्लुइड चोळायला घेतलं. ते गोळा होऊन निघायच्या ऐवजी पिवळट, चिवट झालं होतं, कागदाला भाजून बसल्यासारखं. जोर लावला तशी कागदाची साल निघाली. काठावरची नाजूक चकाकी जिथे हवी, तिथे कापसासारखा खरखरीत ओरखडा. त्यावर रंग लावला की तो टिपकागदासारखा पसरतो. बारापैकी नऊ कागद गेले, कॉटनचे, 300 जीएसएमचे. उरलेले तीन वाचले, कारण ते गठ्ठ्यात तळाशी होते. पुढच्या चार रात्री मी कुठे होते, ते घरच्यांना विचारा.

तेव्हापासून माझा नेम असा: सकाळी लावायचं, त्याच दिवशी संध्याकाळच्या आत काढायचं. एका वेळी दोनच चित्रं. बाटली हलवायची नाही, बुडबुडे होतात. ब्रश आधी साबणात बुडवायचा, नाहीतर केस कायमचे चिकटतात. आणि जुना ब्रश वापरायचा. चांगला ब्रश फ्लुइडमध्ये घालणाऱ्याला मी शिकवत नाही.

हेअर ड्रायर आणि कूलर

घाई झालेल्यांचं आवडतं यंत्र म्हणजे हेअर ड्रायर. फ्लुइड कागदावर असताना ड्रायर मारला तर वरची गोष्ट पाच मिनिटांत घडते. फ्लुइड नसलं तरी ओल्या वॉशवर जवळून मारलेला वारा रंग एका बाजूला ढकलतो आणि कडेला रेघ धरतो.

आपल्याकडे त्याहून वाईट शत्रू कूलर. समोर बसून रंगवत असाल तर एक बाजू आधी वाळते आणि पाण्याचे बारीक तुषार अर्धवट वाळलेल्या रंगावर पडून फुलकोबीसारखे डाग फुटतात. कूलर मागच्या खोलीत ठेवा, नाहीतर माझ्यासारखं पहाटे पाचला बसा. आठच्या पुढे उन्हाळ्यात वॉश हातात राहत नाही, हॉट-प्रेस, म्हणजे गुळगुळीत दाबलेल्या कागदावर तर नाहीच. आणि बारीक कामाला तोच कागद लागतो.

छोट्या पण रोजच्या

टेकिला सनराइज उलटी काढणं. ग्रेनाडाइन हे दाट साखरेचं सरबत, ते शेवटी ओततात आणि जड असल्यामुळे तळाला बसतं. लाल खाली, नारिंगी वर.

मार्गारिटाच्या काठावरच्या मिठासाठी ओल्या रंगावर खरं मीठ टाकणं. मिठाने रंगात चांदण्यासारखे डाग येतात, काठावरचं मीठ दिसत नाही. ते कोरडा ब्रश कागदावर आडवा ओढून दाखवायचं.

लंबगोलाची टोकं बदामासारखी टोकदार काढणं. काठ, द्रवाची पातळी आणि बूड यांचे लंबगोल सारखे नसतात. डोळ्याच्या पातळीपासून जितकं खाली, तितका गोल मोकळा.

पुदिन्याऐवजी तुळस. पुदिन्याचं पान सुरकुतलेलं, कडेला दातेरी, समोरासमोर जोडीने येणारं. जुडी दहा रुपयांची, आणा आणि बघा.

लिंबाची चकती म्हणजे सायकलचं चाक काढणं.

सगळं झाल्यावर काळ्या पेनाने बाहेरची रेघ मारणं. का?

छापखान्याचा विचार शेवटी करणं

चित्र भिंतीवर लावायचं नाही, ते छापून, लॅमिनेट होऊन, शेवभाजीचा रस्सा सांडून घेणार आहे. हे सुरुवातीपासून डोक्यात हवं. ट्यूबमधला झगझगीत ऑपेरा गुलाबी कागदावर पेटतो आणि छापून आला की विझतो, कारण ती चमक छपाईच्या चार शाईंत येतच नाही. अल्ट्रामरीन जांभळट होतो. ब्लू लगून या निळ्या कॉकटेलला मी नेहमी थॅलो निळा घेते. छापखान्याची निळी शाई, म्हणजे सायान, त्याच कुळातल्या रंगद्रव्याची असते, म्हणून तो बराचसा तसाच उतरतो.

अगदी फिके वॉश स्कॅनर खाऊन टाकतो. स्कॅनरची आपोआप सुधारणा बंद करा, चित्र छापील आकाराच्या दीडपट काढा आणि 600 डीपीआयवर स्कॅन करा. मोबाइलने फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर छापखान्याला पाठवू नका. गेल्या महिन्यात एकीने तेच केलं. कार्ड छापून आलं तेव्हा मोहितोच्या ग्लासावर तिच्या मोबाइलची सावली होती, कव्हरवरच्या अंगठीसकट.