जिक्रसाठी वेगळा टाइम शोधू नका, हातातल्या कामालाच बांधा

बऱ्याच जणी मला विचारतात की अगं तू नोकरी करतेस, घर बघतेस, मग जिक्रला, म्हणजे अल्लाहची आठवण करत त्याचं नाव घ्यायला, टाइम कधी काढतेस. खरं सांगायचं तर टाइम मिळत नाहीच, त्याची वाट बघत बसले असते तर आजही बसलेलीच असते. मी काय करते, दिवसभरात जी कामं काही झालं तरी होणारच आहेत, दाराला कुलूप, पुलाचा जिना, तांदूळ धुणं, त्यातल्या एकेका कामाला एकेक छोटा जिक्र बांधून टाकलाय. कामाला हात लागला की जिक्र आपोआप तोंडात येतो.

हे डोकं माझं नाही, नानीचं आहे. रत्नागिरीकडे गावी नानी पहाटे चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापायची. उकड मळून झाली की गोळा परातीत, पहिली थाप पडायच्या आधी बिस्मिल्लाह (अल्लाहच्या नावाने), मग हात गोल फिरतोय तोवर हळू आवाजात सुब्हानल्लाह सुब्हानल्लाह (अल्लाह पाक आहे), भाकरी तव्यावर टाकून वर पाण्याचा हात फिरवायची आणि भाकरी टम्म फुगली की अल्हम्दुलिल्लाह (अल्लाहचे आभार). की लगेच दुसरा गोळा. मी सुट्टीत बाजूला बसून बघायचे आणि मला तेव्हा वाटायचं की भाकरी करायची रीतच ही, जसं पिठात मीठ तसं हे. नानीला वाचता येत नव्हतं पण कुरआनच्या सूरह (अध्याय) आले-इमरानच्या 191व्या आयतीत जे सांगितलंय, की ते लोक अल्लाहला उभे असताना, बसलेले असताना आणि कुशीवर पडलेले असताना आठवतात, ते मी पुस्तकात वाचायच्या कितीतरी आधी चुलीपाशी बघितलं होतं.

मी मात्र सुरुवात उलटीकडून केली. एका रमजानमध्ये खूप जोश आला, मोबाइलवर मोजायचं ऍप घेतलं आणि रोज हजार असं ठरवून टाकलं. आकडा गाठायच्या नादात ओठ हलायचे आणि डोळे मेसेज वाचायचे, शेवटी शेवटी तर आज किती राहिले याचंच टेन्शन, आणि ईद होऊन आठवडा झाला नाही तोच सगळं बंद पडलं. नंतर ती हदीस, म्हणजे नबींची सांगितलेली गोष्ट, नीट समजली की अल्लाहला सगळ्यात आवडतं ते काम जे रोज होतं, मग ते थोडं का असेना. म्हणून आधीच सांगते, एका दिवसात सगळं अंगावर घेऊ नका. एक काम निवडा, त्याला एक जिक्र बांधा, ते न आठवता व्हायला लागलं की मगच दुसरं.

सकाळचं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात अवघड, कारण अलार्म मोबाइलमध्येच असतो आणि तो बंद करताना बोट कुठल्या कुठे जातं. मी मोबाइल किचनच्या फळीवर ठेवते. उठून तिथपर्यंत चालत जावं लागतं आणि तेवढ्या दहा पावलांत उठायची दुआ होते, अल्हम्दुलिल्लाहिल्लजी अहयाना बअद मा अमातना व इलैहिन्नुशूर, म्हणजे ज्याने आम्हाला मौतीनंतर जिवंत केलं त्या अल्लाहचे आभार आणि त्याच्याकडेच उठून जायचंय. पूर्ण पाठ नसेल तर नुसतं अल्हम्दुलिल्लाह म्हणा, पण ते स्टेटस बघायच्या आधी.

कुलूप लावताना बिस्मिल्लाहि तवक्कल्तु अलल्लाह, ला हौल व ला कुव्वत इल्ला बिल्लाह, म्हणजे अल्लाहच्या नावाने, त्याच्यावर भरवसा ठेवला, त्याच्याशिवाय ना ताकद ना जोर. मी चावी फिरवताना म्हणते, त्याचा एक फायदा असा पण झाला की कुलूप लावलं की नाही म्हणून अर्ध्या रस्त्यातून मागे फिरणं बंद झालं.

मग स्टेशन. नबींचे साथी हजरत जाबिर रजियल्लाहु अन्हु सांगतात की आम्ही चढ चढताना अल्लाहु अकबर म्हणायचो आणि उतरताना सुब्हानल्लाह. आता मुंबईत राहणाऱ्याला याहून जास्त काय पाहिजे, आपलं तर अर्धं आयुष्य पुलावर चढण्या-उतरण्यात जातं. कुर्ला स्टेशनचा पूल चढताना प्रत्येक पायरीला नको, गर्दीत ते जमत पण नाही, दम लागतो, मी पहिल्या पायरीला आणि वर पोचल्यावर म्हणते. चढताना तो सगळ्यात मोठा, खाली उतरताना तो प्रत्येक उणिवेपासून पाक. अर्थ मनात आणून एकदा उतरून बघा.

गाडीत बसल्यावर, म्हणजे बहुतेक वेळा उभं राहिल्यावर, सफरची दुआ. ती सूरह जुखरुफमधली आहे, आयत 13 आणि 14, सुब्हानल्लजी सख्खर लना हाजा वमा कुन्ना लहू मुक्रिनीन, व इन्ना इला रब्बिना लमुन्कलिबून. पाक आहे तो ज्याने हे आमच्या ताब्यात दिलं, आमच्याच्याने हे झालं नसतं, आणि आम्ही आमच्या रबकडे परत जाणार आहोत. रोज ज्या हार्बर लाइनवर माणसं दाराला लोंबकळत असतात तिथे हे शेवटचं वाक्य नुसतं बोलायचं म्हणून बोलता येत नाही. त्यानंतर मी स्टेशनं धरते. चुनाभट्टीपर्यंत इस्तिगफार, म्हणजे अस्तग्फिरुल्लाह म्हणत अल्लाहची माफी मागणं, वडाळ्यापर्यंत दुरूद, म्हणजे नबींवर सलाम पाठवणं, तिथून पुढे शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोडपर्यंत सुब्हानल्लाहि व बिहम्दिही, सुब्हानल्लाहिल अजीम (अल्लाह पाक आहे, त्याचीच तारीफ, महान अल्लाह पाक आहे), ज्याबद्दल हदीसमध्ये आलंय की दोन कलमे जिभेला हलके, तराजूत जड आणि रहमानला प्रिय. मोजत नाही. डॉकयार्ड रोड आलं की बंद करून बॅग पुढे घेते कारण मस्जिद स्टेशनला उतरायचं असतं. आणि हे सगळं मनात किंवा अगदी ओठातल्या ओठात. लेडीज डब्यात शेजारची थकून डोळे मिटून बसलेली असते, तिला आपल्या आवाजाचा त्रास कशाला, आणि सूरह आराफमध्ये पण आपल्या रबला मनात, नम्रपणे, आवाज न चढवता आठवायला सांगितलंय.

दुकानात हिशेबाचं काम असतं, तिथे डोकं आकड्यांत असताना जिक्र होत नाही आणि जबरदस्ती करूही नये, चूक झाली तर मालकाचं नुकसान आणि आपल्यावर त्याचा हक्क राहतो. पण आपण दिवसभर जे शब्द तोंडाने बोलतोच त्यांच्याकडे जरा बघा ना. उद्या माल पाठवतो इन्शाअल्लाह, म्हणजे अल्लाहने चाहलं तर, असं म्हणणाऱ्याचा आवाज ऐकून समोरच्याला कळतं की माल काही येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, अल्लाहचं नाव आपण टाळाटाळ करायला वापरायला लागलो. आता मी ठरवलंय की जे करायचा खरंच इरादा आहे त्यालाच इन्शाअल्लाह, नाही जमणार तर सरळ नाही जमणार. कुणाच्या पोरीचे मार्क ऐकून माशाअल्लाह म्हणते तेव्हा एक सेकंद थांबून म्हणते. नवीन काही पाठ न करता जिक्र वाढवायचा असेल तर इथून सुरू करा.

नमाजनंतरचं 33-33-33 सगळ्यांना माहीत आहे, तेहतीस वेळा सुब्हानल्लाह, तेहतीस वेळा अल्हम्दुलिल्लाह, तेहतीस वेळा अल्लाहु अकबर आणि शंभरावं ला इलाह इल्लल्लाहु वहदहू ला शरीक लहू असं पूर्ण. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजच्या, सुट्टीत घाईघाईत ते सुटतं. तस्बीह, म्हणजे मोजायची माळ, बॅगेत राहिली तरी हात आहेतच, एका बोटाची तीन पेरं, उजव्या हाताची पाची बोटं दोनदा फिरली की तीस, वर करंगळीची तीन. दोन-तीन मिनिटांचं काम आहे. बोटांवर मोजायला तर नबी मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी बायकांना स्वतः सांगितलंय, की या बोटांना विचारलं जाईल आणि त्यांना बोलतं केलं जाईल.

पाळीच्या दिवसांत बऱ्याच मुली सगळंच सोडून देतात आणि मग आठवडाभराने परत सुरुवात करायची म्हणून अंगावर येतं. नमाज माफ आहे, जिक्र, दुरूद, दुआ, इस्तिगफार यांना अजिबात मनाई नाही. उलट त्या दिवसांत नमाजच्या टाइमाला पाच मिनिटं बसून जिक्र केला तर घडी मोडत नाही.

आणि पाऊस. यावर जरा जास्त बोलते कारण मी कुर्ल्याची आहे. पाऊस सुरू झाला की अल्लाहुम्म सय्यिबन नाफिअन, हे अल्लाह फायद्याचा पाऊस होऊ दे. घरात छोटी मुलं असतील तर त्यांना हीच दुआ पहिली शिकवा, खिडकीत उभं राहून, हात बाहेर काढून, चार दिवसांत पाठ होते. पण मदिनेत एकदा असं झालं की जुम्माच्या (शुक्रवारच्या) खुतब्यात, म्हणजे नमाजआधीच्या भाषणात, एकाने येऊन पाऊस मागितला, नबींनी दुआ केली आणि आठवडाभर पाऊस थांबेचना, पुढच्या जुम्माला परत कुणीतरी उठून म्हणालं की आता घरं पडायला लागली, तेव्हा त्यांनी दुआ केली, अल्लाहुम्म हवालैना व ला अलैना, आमच्या आजूबाजूला पाड, आमच्यावर नको, टेकड्यांवर, दऱ्यांत, झाडं उगवतात तिथे. पाऊस बंदच कर असं नाही मागितलं. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी आमच्या बाजूला घरात शिरली होती, अम्मीने आम्हा भावंडांना माळ्यावर चढवलं आणि रात्रभर हीच दुआ म्हणत बसली. मला अर्थ तेव्हा कळला नव्हता. आता गटारातून पाणी वर यायला लागलं की मी म्हणते आमच्यावर नको, आणि मनात तानसा, वैतरणा, भातसा येतात, तिथे पाड या अल्लाह, नळाला पाणी तिथूनच येतं.

मन भटकतं, हे सगळ्यांचंच. त्यासाठी जिक्र सोडायचा नाही, फक्त एवढं करायचं की लक्षात आलं की पुढचा एक शब्द अर्थासकट म्हणायचा. आणि म्हाताऱ्या माणसांची सेवा करताना मोजदाद होत नाही म्हणून खंत करू नका. माहीमचे सुफी संत मखदूम अली माहिमी यांची कथा सांगितली जाते ना, आईने पाणी मागितलं, ते घेऊन येईपर्यंत तिचा डोळा लागला आणि ते रात्रभर पाणी हातात धरून उभे राहिले. माझ्या सासूबाईंचे पाय चेपताना मला ते आठवतं.

रात्री भांडी झाली, ओटा पुसला की माझ्या हातांची साबणाने साल निघालेली असते. नबींच्या मुलीच्या, हजरत फातिमांच्या, हातांना जातं दळून घट्टे पडले होते, त्या वडिलांकडे कामाला माणूस मागायला गेल्या तेव्हा नबींनी त्यांना आणि त्यांचे नवरे हजरत अली यांना सांगितलं की त्याहून चांगलं देतो, झोपायला पडलात की 33 वेळा सुब्हानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह, 34 वेळा अल्लाहु अकबर. हजरत अली म्हणायचे की ते ऐकल्यापासून मी हे कधी सोडलं नाही. कुणीतरी विचारलं, सिफ्फीनच्या लढाईच्या (हजरत अली स्वतः लढले ती मोठी लढाई) रात्री पण नाही, तर म्हणाले, सिफ्फीनच्या रात्री पण नाही. माझी मुलगी माझ्या बोटांच्या पेरांवर मोजते, अल्हम्दुलिल्लाहपर्यंत कशीबशी पोचते आणि तिचं बोट माझ्या करंगळीवरच थांबतं, मग उरलेले मी मोजते, तिचा हात तसाच ठेवून.