रावेर ते म्बरारा: केळीच्या बागांतून युगांडाशी दोस्ती कशी जोडावी

भारत स्वतंत्र झाला १९४७ मध्ये, युगांडा ९ ऑक्टोबर १९६२ ला. दोन्ही देशांचे करार दिल्ली-कंपालात होत राहतील. रावेर-यावलच्या शेतकरी गटाला मात्र नैऋत्य युगांडातल्या म्बरारा किंवा इसिंगिरोच्या गटाशी नातं जोडायचं असेल, तर केळीसारखा धागा नाही. इकडे जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिकडे केळी हे रोजचं जेवण आहे: मतोके म्हणजे शिजवायची हिरवी केळी सोलायची, केळीच्याच पानांत बांधून वाफवायची आणि पानांसकट दाबून मऊ करायची.

सुरुवात हारतुऱ्यांनी करू नये. उद्घाटनाचा फोटो निघतो आणि तीन महिन्यांत फोन थंडावतात, कारण एकमेकांशी बोलायला काम नसतं. आधी काम ठरवावं.

दोन्हीकडे आठ-दहा शेतकरी पुरेत, पण समन्वयक दोन-दोन हवेत. एकच माणूस असला की त्याच्या घरच्या लग्नसराईत सगळं बंद पडतं. ओळखीसाठी पाल किंवा ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्राकडून इंग्रजीत एक पानाचं पत्र घ्यावं. ते कंपालातल्या भारतीय उच्चायुक्तालयाला आणि मकेरेरे विद्यापीठाच्या कृषी विभागाला पाठवावं. पत्रात एकरी झाडं, वाण आणि गटाला नेमकं काय शिकायचंय एवढंच असावं.

बोलण्याची वेळ पक्की ठेवावी, महिन्याचा पहिला शनिवार, दुपारी साडेचार. तिकडचं घड्याळ अडीच तास मागे, म्हणजे तिथे दुपारचे दोन. रविवार टाळावा, अनेक घरं चर्चला जातात. 'वेबाले' म्हणजे धन्यवाद. हा शब्द म्बराराकडेही चालतो आणि कंपालाकडेही.

खरा कस लागतो नोंदींत. प्रत्येकाने पाच झाडांना रंगाचा पट्टा मारावा. जमिनीपासून एक फुटावर खोडाचा घेर, हिरव्या पानांची संख्या, निसवणीची म्हणजे घड बाहेर पडल्याची तारीख, घडातल्या फण्यांची संख्या आणि घडाचं वजन एवढं लिहावं. करपा, म्हणजे पानांवर ठिपके पाडणारा रोग, मोजण्यासाठी वरून पूर्ण उघडलेल्या पहिल्या पानाला एक नंबर द्यावा आणि खाली मोजत जावं. दहा किंवा जास्त वाळलेले ठिपके असलेलं पहिलं पान कितवं, तो आकडा नोंदवावा. हा आकडा जितका लहान, तितका करपा वर चढलेला. पानाचा फोटो सकाळच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून, वरून एक आणि खालून एक घ्यावा. फ्लॅश लावला की ठिपक्यांचा रंग उडतो आणि समोरच्याला काहीच कळत नाही.

आकडे जुळवताना दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. एक, भाव. आपल्याकडे क्विंटलचा, तिकडे घडाचा. त्यामुळे आधी वजन, मग भाव. दुसरा, हंगाम. आपली मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग पावसाळ्याच्या शेवटी, आणि एक-दोन खोडव्यांनंतर (त्याच झाडाच्या पिलांवर घेतलेल्या पिकानंतर) बाग मोडते. युगांडात मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर असे दोन पावसाळे, बागा वर्षानुवर्षं उभ्या, एकाच बेटात, म्हणजे खोडांच्या झुबक्यात, आजी-आई-नात अशी तीन पिढ्यांची खोडं. 'उत्पादन कमी कसं?' असं विचारू नये. तिथे वाण वेगळा, ठिबक विरळा, आणि बाग आधी घर जेवू घालते. उलट बाग इतकी टिकते कशी, हे विचारावं. पालापाचोळ्याच्या आच्छादनाबद्दल त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे.

इतिहास माहीत असावा. १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई, बहुतेक भारतीय वंशाच्या, लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावलं. म्हणून 'आपली माणसं तिथे' हा विषय आपण सुरू करू नये. त्यांनी काढला तर ऐकावं. जिंजाला नाईलच्या उगमाशी १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग विसर्जित झाला होता, तिथे सोबत जाणं दोघांनाही जवळचं वाटेल.

पैशांत गुंतू नये. परदेशातून देणगी घ्यायची तर संस्थेला परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. गटाच्या साध्या खात्यावर पैसे मागवले तर दोस्ती राहते बाजूला आणि चौकशी मागे लागते. त्यांच्या कृषी अधिकाऱ्याला इथे शिकायला यायचं असेल तर १९६४ पासून चालू असलेली भारत सरकारची आयटेक ही प्रशिक्षण योजना आहे. अर्ज त्यांनी त्यांच्या देशातूनच, भारतीय उच्चायुक्तालयामार्फत करायचा.

प्रत्यक्ष जायचं ठरलं तर पीतज्वराची लस अधिकृत केंद्रातच घ्यावी. दाखला दहा दिवसांनी लागू होतो, म्हणून तिकिटाआधी तारीख पाहावी. दाखल्याविना परतलात तर विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं.

मुनवे (केळीची पिलं), कंद, माती, पान काहीही नेऊ नये, आणू नये. भेट म्हणून तर नाहीच. युगांडात २००१ मध्ये नोंदलेला झँथोमोनास हा जिवाणूजन्य मर रोग कोयत्यावरून आणि केळफुलावर बसणाऱ्या किड्यांमुळे पसरतो. खोड कापलं की पिवळसर चिकट स्राव येतो. आपल्याकडे बिहार-उत्तर प्रदेशात आढळलेली टीआर-४ ही बुरशीमुळे होणारी मर मातीतून जाते. निघण्याआधी आणि परतल्यावर बुटांचे तळवे ब्रशने घासून, साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावेत. मातीचा कण राहिला तर धुणं वाया, कारण जंतू त्या ढेकळातच टिकतो. सगळ्यात बरं म्हणजे शेतातले बूट तिथेच घ्यावेत आणि तिथेच ठेवून यावेत.