कायद्याची पदवी नसताना लीगल ऑपरेशन्समध्ये येताय? या चुका टाळा

कुठला करार कुठे ठेवलाय, तो कधी संपतोय, कुणाची सही राहिलीय, बाहेरच्या वकिलांची बिलं कुठवर आलीत, कुठल्या खटल्यात काय दाखल करायचंय हे सगळं सांभाळणारा माणूस आता पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच कंपन्यांच्या लीगल विभागात असतो. तो वकीलच असावा असं नाही. आयटी, अकाउंट्स, खरेदी विभागातून माणसं या कामात येतात आणि यायलाच हवीत, कारण शिस्तीने नोंदी ठेवणं त्यांना वकिलांपेक्षा चांगलं जमतं. पण नवे लोक त्याच त्या जागी अडखळताना इतक्यांदा पाहिलंय की आता लिहूनच ठेवते.

करार न वाचता सॉफ्टवेअरला हात घालणं

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे. एका उत्पादन कंपनीत माझ्यासमोर घडलेलं सांगते. आयटी प्रोजेक्ट मॅनेजमेंटमधून आलेला एक हुशार मुलगा. पहिल्याच तिमाहीत काहीतरी दाखवायचं म्हणून त्याने सगळे करार नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायला घेतले. रकाने केले: पक्षकार, रक्कम, सुरुवात, समाप्ती. समाप्तीच्या ३० दिवस आधी ईमेल जाईल अशी सोय केली. डॅशबोर्ड देखणा झाला, वरिष्ठांनी कौतुकही केलं.

त्यात यंत्रांच्या देखभालीचा एक करार होता, ३१ मार्चला संपणारा. आतल्या पानावर कलम होतं की मुदत संपण्याच्या किमान ९० दिवस आधी लेखी नोटीस दिली नाही, तर करार त्याच अटींवर आणखी तीन वर्षांसाठी आपोआप वाढेल. म्हणजे सांभाळायची तारीख होती ३१ डिसेंबर, आणि ईमेल आला १ मार्चला. पुरवठादार बदलायचं तर दिवाळीतच ठरलं होतं, नव्या पुरवठादाराशी दरही पक्के झाले होते. खरेदी विभागाने जुन्याला तसं ईमेलवर कळवलंही होतं. पण मूळ कराराला नंतर एक पुरवणी जोडली गेली होती आणि तिच्यात नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने, नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावरच जायला हवी असं लिहिलं होतं. ती पुरवणी वेगळ्याच फोल्डरमध्ये पडून होती. शेवटी बरेच पैसे मोजून कंपनीने सुटका करून घेतली.

सॉफ्टवेअरने सांगितलेल्या दिवशी इमानेइतबारे ईमेल पाठवला होता. कलम मात्र कुणीच वाचलं नव्हतं.

नव्या ठिकाणी गेले की मी आधी करारांचा एक गठ्ठा छापून घेते आणि शेवटच्या पानापर्यंत वाचते. समासात पेन्सिलीने तीनच गोष्टी लिहिते: नोटीस कधीपर्यंत द्यायची, कशी आणि कुठल्या पत्त्यावर, आणि या कराराला पुरवण्या किती. मग रजिस्टर. माझ्या रजिस्टरमध्ये ‘नोटिशीची शेवटची तारीख’ हा रकाना समाप्तीच्या आधी येतो, आणि पुरवणी मूळ कराराशी जोडली जात नाही तोवर ती नोंद मी पूर्ण धरत नाही. यात वेळ जातो अशी तक्रार नवे लोक करतात. जातोच, आणि तो द्यावाच लागतो. एआयकडून कलमं काढून घेणं मीही करते. पण स्वतः पुरेसे करार वाचलेले नसतील, तर त्याने चुकीची तारीख काढली हे तुमच्या लक्षातही येणार नाही. आणि कंपनीने मंजूर न केलेल्या फुकटच्या चॅटबॉटमध्ये करार टाकू नका. समोरच्याला गोपनीयतेचा शब्द कंपनीने दिलेला असतो.

कागद हातात आल्याची तारीख न लिहिणं

व्यावसायिक न्यायालय अधिनियम, २०१५ खालच्या दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं लेखी उत्तर, द्यायची असते. न्यायालय मुदत वाढवू शकतं, पण फार तर १२० दिवसांपर्यंत. त्यानंतर कैफियत देण्याचा हक्कच जातो आणि कितीही मोठा वकील उभा केला तरी तो परत मिळत नाही. हे दिवस मुख्य कार्यालयात फाइल उघडली तेव्हापासून मोजत नाहीत. नाशिकच्या कारखान्यात किंवा पणजीच्या शाखेत रीतसर कुणी सही करून समन्स घेतलं, की मोजणी सुरू. म्हणून पाकिटासकट स्कॅन, मिळाल्याची तारीख आणि घेणाऱ्याचं नाव त्याच दिवशी यायला हवं. त्यासाठी परिपत्रक काढून भागत नाही. मी शाखेत जाऊन टपाल घेणाऱ्या माणसाशेजारी बसते, समन्स कसं दिसतं ते दाखवते, माझा नंबर त्याच्या टेबलावर चिकटवून येते.

न वटलेल्या चेकचंही तसंच. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत मागणीची नोटीस जायला हवी, आणि चेक परत आल्याचं लीगलच्या आधी अकाउंट्सला कळतं. तुम्ही अकाउंट्समधून आला असाल तर हा दुवा बांधायला तुमच्याइतकं योग्य माणूस विभागात दुसरं नाही.

अर्धा वकील होणं

सेल्सवाला व्हॉट्सअॅपवर विचारतो, “हे नुकसानभरपाईचं कलम चालेल ना?” तुम्ही तसली कलमं खूप पाहिलेली असतात, ‘चालेल’ असं लिहून मोकळे होता. नका होऊ. वकिलांनी आधीच मंजूर केलेल्या अटींची यादी असेल तर तिच्यातलं सांगा, त्यापलीकडचं ‘विचारून चारपर्यंत कळवते’, आणि चारच्या आत कळवा. विभागात वजन याने वाढतं. पदवी नाही या भीतीपोटी लगेच तीन वर्षांच्या एलएलबीला नाव घालणाऱ्यांनाही मी थांबवते. आधी काम करा, मग वाटलं तर शिका.

बाकीच्या, थोडक्यात

वकिलाच्या बिलावर जीएसटी लावला नाही म्हणून बिल परत पाठवणं. वकिलांच्या सेवेवरचा जीएसटी साधारणपणे रिव्हर्स चार्जने कंपनीनेच भरायचा असतो.

‘आधी सह्या उरकू, स्टॅम्पचं नंतर बघू.’ महाराष्ट्रात सही होणाऱ्या दस्तावर मुद्रांक सहीच्या आधी, सहीच्या वेळी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी लागायला हवा. कमी पडला तर फरकाच्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड, आणि तो भरेपर्यंत दस्त पुराव्यात घेत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० आणि २०० रुपयांचे बरेचसे स्टॅम्प ५०० वर गेले, तरी जुन्या याद्या अजून फिरतात.

सगळ्यालाच ई-सही. मुखत्यारपत्राला ती साधारणपणे चालत नाही.

‘क्लॉक’ या संस्थेने मांडलेली लीगल ऑपरेशन्सची बाराही अंगं एकाच प्रेझेंटेशनमध्ये घालणं. करार आणि बिलं, एवढी दोन आधी नीट लावा.

सर्टिफिकेटांची माळ लावून मुलाखतीला येणं. मी सर्टिफिकेट बघत नाही. एक लिव्ह अँड लायसन्स करार समोर ठेवते आणि त्यातल्या तारखा काढायला सांगते: लॉक-इन, म्हणजे करार मध्येच सोडता न येण्याचा काळ, कधी संपतो, घर सोडायचं तर कुणी किती दिवस आधी कळवायचं, डिपॉझिट कधी परत मिळायचं, नोंदणी झालीय का. भाड्याच्या घरात राहत असाल तर असा करार तुमच्याही कपाटात असेल. बहुतेकांनी सही करताना तो वाचलेला नसतो. मुलाखतीला येण्याआधी तो काढून, पेन्सिल घेऊन बसा.