अकरावीत ग्लुकोज शिकताना हायड्रोजनचा माग धरा

अकरावी सायन्सला आलेली मुलं जीवशास्त्रात अडतात ती बहुतेक दोन धड्यांत: प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन. चौथीपर्यंत मराठी शाळा, पुढे इंग्रजी माध्यम, अशी वाट गोव्यातल्या डिचोली-सत्तरीतल्या पुष्कळांची असते. माझीही तीच होती. वनस्पतिशास्त्र शिकले आणि आता फोंड्याला अकरावी-बारावीला शिकवते. नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं असं, की हे धडे दोन वेगळ्या आठवड्यांत, दोन वेगळ्या वह्यांत पाठ करू नका. एकाच मोठ्या कागदावर डावीकडे हरितलवक (पेशीतला हिरवा भाग, जिथे प्रकाशसंश्लेषण होतं) काढा, उजवीकडे मायटोकॉन्ड्रिया (जिथे श्वसनाचा मोठा भाग होतो), आणि हायड्रोजन कुठून निघून कुठे पोचतो तेवढं बघत जा.

सुरुवात पाण्यापासून. प्रकाश पडला की हरितलवकातल्या थायलॅकॉइड नावाच्या चकत्यांमध्ये पाण्याचे रेणू फुटतात. ऑक्सिजन बाहेर जातो. तो पाण्यातला असतो, कार्बन डायऑक्साइडमधला नव्हे. रुबेन आणि कामेन यांनी १९४१ साली जड ऑक्सिजन वापरून हे दाखवलं. हायड्रोजन, म्हणजे नेमकं बोलायचं तर इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन, आतच राहतो आणि एनएडीपीएच या हायड्रोजन वाहून नेणाऱ्या रेणूवर चढतो. जोडीला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, तयार होतो. मग स्ट्रोमात, म्हणजे त्या चकत्यांभोवतीच्या द्रवात, साखर बनवणारं कॅल्विन चक्र चालतं: रुबिस्को हे विकर कार्बन डायऑक्साइड पकडतं आणि हायड्रोजन त्या कार्बनला जोडला जातो. दर फेऱ्याला १ कार्बन आत, ३ एटीपी आणि २ एनएडीपीएच खर्च. ग्लुकोजमध्ये कार्बन ६, म्हणून फेरे ६, एटीपी १८, एनएडीपीएच १२. चक्रातून थेट बाहेर पडते ती तीन कार्बनची साखर. ग्लुकोज, सुक्रोज, स्टार्च हे नंतर तिच्यापासून बनतात. अवघड प्रश्नांत नेमकं हेच विचारतात.

प्रॅक्टिकलला हायड्रिला ही पाणवनस्पती घ्याल तेव्हा देठाची कापलेली बाजू वर ठेवा आणि पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. आपल्याकडे पावसाळ्यात दिवसदिवस आभाळ भरलेलं असतं; खिडकीतल्या उजेडावर बुडबुडे फारच रेंगाळत येतात, तेव्हा सरळ टेबललॅम्प लावा. दिवा जवळ आणाल तसे बुडबुडे भराभर सुटतात, आणि एका अंतरानंतर दिवा कितीही पुढे सरकवला तरी वेग वाढत नाही. मर्यादा घालणारा घटक (जो कमी पडला की वेग अडतो तो) म्हणजे काय, ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

आता उजवी बाजू. घरी शेती असेल तर पेरणीआधी भिजवून गोणीत बांधलेल्या भाताला मोड आले की आत हात घालून बघा. चांगली ऊब लागते. दाण्यातला स्टार्च मोडून ग्लुकोज होतं, ग्लुकोज मोडताना सुटलेल्या ऊर्जेतली काही एटीपीत जाते, उरलेली उष्णता होऊन बाहेर पडते. गोणी उघडल्यावर हाताला लागते ती हीच. झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन, असं जे अनेकांच्या मनात पक्कं बसलेलं असतं, ते आधी काढून टाका. श्वसन दिवसरात्र चालतं.

श्वसनात हायड्रोजन वाहून नेतात ते एनएडीएच आणि एफएडीएच२ हे रेणू. ग्लायकोलिसिसमध्ये, म्हणजे ग्लुकोज मोडून पायरुवेटचे दोन रेणू होतात त्या पहिल्या टप्प्यात, एका ग्लुकोजमागे २ एनएडीएच, पुढे पायरुवेट मायटोकॉन्ड्रियात शिरल्यावर २, तिथल्याच क्रेब्स चक्रात ६ एनएडीएच आणि २ एफएडीएच२. बेरीज करा: हायड्रोजनच्या १२ जोड्या. डावीकडे बघा, ग्लुकोज घडवताना एनएडीपीएच लागले तेही १२. जेवढा हायड्रोजन चढवला तेवढाच उतरवला. त्या जोड्या शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी तयार होतं. कागदावर ही बेरीज जुळताना पाहून दरवर्षी वर्गातली दोन-चार मुलं तरी ताडकन सरळ होऊन बसतात, आणि मलाही ती दरवेळी तितकीच सुंदर वाटते.

ऑक्सिजन नसेल तर? काजूच्या हंगामात बोंडूचा रस पिंपात ठेवतात, त्याला फेस येतो आणि वर बुडबुडे फुटत राहतात. ते बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. यीस्ट ग्लुकोज अर्धवटच मोडतं: एका ग्लुकोजमागे २ इथेनॉल, २ कार्बन डायऑक्साइड आणि निव्वळ २ एटीपी. एनएडीएचवरचा हायड्रोजन उतरवायला ऑक्सिजन नसल्याने तो पायरुवेटपासून बनलेल्या अॅसिटाल्डिहाइडवर उतरतो, त्याचं इथेनॉल होतं, आणि मोकळं झालेलं एनएडी पुन्हा ग्लायकोलिसिसच्या कामाला लागतं. अल्कोहोल का बनतं, याचं उत्तर एवढंच. ग्लुकोजमधली बहुतेक ऊर्जा त्या इथेनॉलमध्ये तशीच अडकलेली राहते. म्हणून तर भट्टीतून निघालेली कडक काजू फेणी काडी लावली तर पेटू शकते.

राहिला एटीपीच्या आकड्याचा घोळ. एनसीईआरटीच्या पुस्तकात ३८ आहे: एनएडीएचला ३, एफएडीएच२ला २, म्हणजे ३४, आणि थेट बनलेले ४. नव्या मोजणीत एनएडीएचला साधारण २.५ आणि एफएडीएच२ला १.५ धरतात, त्यामुळे पदवीच्या पुस्तकांत ३० ते ३२ सापडेल. अकरावीच्या पेपरात ३८ लिहा आणि हिशेब मांडून दाखवा. पुढे बीएस्सीला गेलात की तोच तक्ता घेऊन फक्त गुणक बदला.